सिग्नलवर तापते, हायवेवर थंड होते: दर उन्हाळ्यात परत येणारा बिघाड

माझी गाडी बारा वर्षांची पेट्रोल हॅचबॅक आहे, चार सिलिंडरची. नागपुरात मनीषनगरहून सिव्हिल लाइन्सला ऑफिसला निघालो की छत्रपती चौकापर्यंत तापमानाचा काटा मधोमध असायचा. अजनी चौकात थोडा वर. रहाटे कॉलनी चौकात दोन सिग्नल हुकले की लाल पट्टीच्या बोटभर खाली. गाडी हलली की पंचशील चौक येईपर्यंत काटा गुमान जागेवर. हीच गाडी एसी लावून ऐंशीच्या वेगानं बुटीबोरीला नेली, वर्ध्याला नेली, तरी काटा हलला नाही.

आणखी तीन गोष्टी होत्या, ज्यांच्याकडे तेव्हा मी लक्षच दिलं नाही. दर आठ-दहा दिवसांनी रेडिएटरमध्ये अर्धा लिटर पाणी कमी व्हायचं, पण पार्किंगच्या फरशीवर एक थेंब नाही. रेडिएटरच्या बाजूची प्लास्टिकची बाटली मात्र काठोकाठ भरलेली. आणि सिग्नलवर एसीची हवा कोमट, गाडी चालू लागली की गार. कोणाची गाडी अशीच वागत असेल, तर पुढचं सगळं वाचण्याआधी या तीन गोष्टी कागदावर लिहून काढा. मी लिहिल्या नाहीत आणि दोन उन्हाळे त्यात गेले.

पहिल्या उन्हाळ्यात गॅरेजवाल्यानं रेडिएटरच्या फॅनची मोटर जाम झाली म्हणून बदलली. ते निदान बरोबर होतं. मग जूनमध्ये पाऊस आला आणि गाडी एकदम शहाणी झाली. दुसऱ्या वर्षी एप्रिल लागला तसं परत सुरू. मग थर्मोस्टॅट (रेडिएटरकडे जाणारं पाणी सोडणारी-अडवणारी झडप) काढून टाकला, कूलंट (पाण्यात मिसळायचा द्रव) बदललं, वॉटर पंप बदलला. तरी तापतेच म्हटल्यावर निदान आलं, "हेड उतरवा लागते भाऊ, गॅस्केट गेलं असंन." हेड म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, गॅस्केट म्हणजे तो आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं पातळ सील. तेवढ्यात पुन्हा मृग लागला आणि पुन्हा सगळं ठीक!

इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. नागपुरात जूनच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पारा धाडकन खाली येतो. त्यामुळे मेच्या शेवटी जो पार्ट बदलला असेल, त्यालाच गाडी बरी केल्याचं श्रेय मिळतं. माझ्याकडे तो मान वॉटर पंपाला मिळाला होता. पावसानं दुरुस्त केलेली गाडी दुरुस्त झालेली नसते, ती मार्चपर्यंत रजेवर असते.

ऊन कितपत दोषी?

"नागपूरचं ऊन आहे, तापणारच" हे मी शंभरदा ऐकलं. इथे २३ मे २०१३ ला ४७.९ अंश नोंदले गेले होते, तेव्हा उन्हाला कमी लेखण्याचा प्रश्न नाही. पण हिशोब करून बघा. इंजिनातलं पाणी साधारण ९५ अंशांवर फिरत असतं. बाहेर २५ अंश असतील तर रेडिएटरला ७० अंशांचा फरक मिळतो. ४५ असतील तर ५०. रेडिएटर उष्णता टाकतो ती या फरकाच्या प्रमाणात. म्हणजे वैशाखात त्याची ताकद जवळजवळ तीस टक्क्यांनी घटते. त्यात एसीचं कंडेन्सर (एसीची उष्णता बाहेर टाकणारी जाळी) त्याच्या तोंडापुढेच बसलेलं, त्यामुळे आत येणारी हवा आधीच तापून येते. गाडी बनवणारे एवढी सूट धरूनच रेडिएटर बसवतात. ऊन ती सूट खाऊन टाकतं आणि आधीचा एखादा बिघाड, जो डिसेंबरमध्ये झाकून जातो, तो उघडा पडतो. शेजारच्या पार्किंगमधली तशीच, तेवढीच जुनी गाडी त्याच सिग्नलवर तापत नव्हती. ऊन तर दोघींना सारखंच होतं.

आता इंजिनाकडे. पेट्रोलमधली ऊर्जा ढोबळमानानं तीन वाट्यांत जाते: एक वाटा चाकाला, एक सायलेन्सरमधून बाहेर, एक इंजिनाच्या अंगात. तीन हजार आरपीएमला चार सिलिंडरमध्ये मिळून सेकंदाला शंभर स्फोट होतात आणि प्रत्येक स्फोटाच्या क्षणी आतला वायू दोन हजार अंशांच्या वर जातो. पिस्टन अ‍ॅल्युमिनियमचा आणि अ‍ॅल्युमिनियम वितळतं ६६० अंशांना. तरी तो टिकतो, कारण ही आग क्षणभराचीच असते आणि अंगात मुरलेली उष्णता पाणी आणि ऑइल सतत काढून नेत असतात. हे काढून नेणं दोन-चार मिनिटं जरी थांबलं, तरी अ‍ॅल्युमिनियमचं हेड वाकडं होण्याची तयारी सुरू होते.

पाण्याचा रस्ता साधा आहे. पंप ते ब्लॉकमध्ये ढकलतो, तिथून ते हेडमध्ये चढतं, मग थर्मोस्टॅट. त्याच्या आत मेणाची डबी असते. ८२ ते ८८ अंशांच्या आसपास मेण वितळून फुगतं आणि झडप उघडतं. मग पाणी वरच्या होजमधून रेडिएटरमध्ये, बारीक नळ्यांतून खाली, आणि खालच्या होजमधून परत पंपाकडे. रेडिएटरवरून हवा नेण्याचं काम दोघं करतात: गाडी पळत असताना समोरचा वारा, उभी असताना फॅन.

म्हणून पहिला प्रश्न "काय बदलू?" असा नसून "कधी तापते?" असा आहे. उभी असताना तापते आणि पळताना थंड होते, तर पाण्याचा रस्ता बहुतेक मोकळा आहे, भानगड हवेची आहे: फॅन, त्याचा रिले, फ्यूज, थर्मोस्विच (पाणी तापलं की फॅन लावणारा स्विच), फॅनभोवतीचा तुटलेला प्लास्टिकचा घेर, नाहीतर कंडेन्सर आणि रेडिएटरच्या फटीत साचलेला कचरा. उलट गावात ठीक आणि हायवेवर वेग वाढवला की तापते, तर हवा भरपूर आहे पण पाणी पुरत नाही: चोंदलेला रेडिएटर, अर्धवट उघडणारा थर्मोस्टॅट, पंपाची झिजलेली पाती, किंवा वेगात आत ओढली जाऊन चपटी होणारी खालची होज. सकाळी थंड गाडी सुरू केली आणि मिनिटभरात वरची होज दगडासारखी कडक, रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे, तर मात्र गॅस्केटचा संशय घ्या, कारण एवढ्या लवकर पाणी तापून दाब येत नाही, तो दाब सिलिंडरमधल्या वायूचा असतो. त्याची एक चाचणी असते: रेडिएटरच्या तोंडावरची वाफ एका निळ्या द्रवातून ओढतात, त्यात जळलेला वायू असेल तर द्रव पिवळा पडतो. हेड उतरवण्याआधी ही चाचणी मागा. ऑइलच्या झाकणाखाली पांढरट मलई दिसली म्हणून घाबरू नका, रोज दोन-तीन किलोमीटरच चालणाऱ्या गाडीत थंडीच्या दिवसांत नुसत्या दमटपणानंही ती जमते. डिपस्टिकवरही तीच दिसली तर घाबरा.

माझी गाडी सरळसरळ पहिल्या प्रकारात होती आणि आम्ही पंप बदलत बसलो होतो.

कागद

तिसऱ्या उन्हाळ्यात मी गाडी एका म्हाताऱ्या रेडिएटरवाल्या काकांकडे नेली. लोखंडी बाकडं, गॅसची शेगडी, जुन्या पितळी रेडिएटरांची चळत. त्यांनी बॉनेट उघडायच्या आधी विचारलं, "सिग्नलले एसी कसा राह्यते?" मी म्हटलं, कोमट. ते हसले. "मंग इंजिन काहून खोलून राहिले बाप्पा? दोघायची तक्रार एकच हाय. दोघायले हवा नाही भेटून राहिली."

गाडी चालू ठेवून त्यांनी एसी लावायला सांगितला. फॅन फिरू लागला, जोरात, आवाज करत. आजवर प्रत्येकानं इथपर्यंतच पाहिलं होतं: फॅन फिरतो, म्हणजे फॅन ठीक. काकांनी पेपरचं अर्धं पान फाडलं आणि समोरच्या जाळीवर धरून सोडलं. ते जाळीला चिकटायला हवं होतं. ते उडून माझ्या पायाशी पडलं. दुसऱ्यांदा धरलं, दुसऱ्यांदा पडलं. जाळीसमोर हात धरला तर वाळा नसलेल्या कूलरसारखी झळ बाहेर येत होती.

फॅन उलटा फिरत होता. पहिल्या उन्हाळ्यात मोटर बदलताना नव्या मोटरचा जॅक (वायरी जोडणारा कनेक्टर) जुळला नाही म्हणून गॅरेजमध्ये वायरी तोडून, पीळ देऊन टेप मारली होती. डीसी मोटर आहे, वायरी अदलाबदल झाल्या की ती निमूट उलटी फिरते. पात्यांचा आकार सुलट्या फिरण्यासाठी असल्यामुळे उलटा फॅन हवाही कमी फेकतो आणि जी फेकतो ती बॉनेटखालची तापलेली हवा, रेडिएटरमधून पुढे कंडेन्सरवर. म्हणून एसी कोमट. हायवेवर समोरचा वारा या बिचाऱ्या फॅनला दाबून टाकायचा, म्हणून तिथे सगळं छान. काकांनी टेप सोडली, वायरी बदलल्या, जोड झाळला, वर स्लीव्ह चढवली. यावेळी कागद जाळीला असा चिकटला, की काढताना फाटला.

नागपूरकरांना हे कूलरवरून लगेच पटेल. कूलर खिडकीत तोंड आत करून लावतो आणि समोरची खिडकी उघडी ठेवतो, कारण हवेला आत यायला तसा बाहेर जायलाही रस्ता लागतो. कूलरचा पंखा उलटा लावून कोणी वाळा बदलत बसणार नाही. गाडीत मात्र आम्ही तेच केलं.

झाकण

आता पाणी कुठे जात होतं ते. फॅनमुळे इंजिन तापत होतं हे खरं, पण एवढं पाणी उकळून जाण्याइतकं नाही. काकांनी रेडिएटरचं झाकण काढून एका हातपंपाच्या टेस्टरवर लावलं. झाकणावर ०.९ लिहिलेलं होतं, म्हणजे ०.९ बारपर्यंत त्यानं दाब धरायला हवा. काटा ०.४ ला आला आणि फुस्स.

हे झाकण नुसतं पाणी सांडू नये म्हणून नसतं. ते कुकरच्या शिटीचं काम करतं. नागपूर समुद्रसपाटीपासून साधारण ३१० मीटर उंच, त्यामुळे उघड्या भांड्यात इथे पाणी ९९ अंशांनाच उकळतं. वर ०.९ बारचा दाब ठेवला की तेच पाणी ११८ अंशांच्या आसपास उकळतं, आणि निम्मं कूलंट असेल तर आणखी सात-आठ अंश वर. झाकण ०.४ लाच सुटलं तर उकळबिंदू नऊ-दहा अंशांनी खाली येतो. सिग्नलवर हेडच्या सगळ्यात गरम कोपऱ्यात वाफ धरायला तेवढं पुरतं. वाफ झाली की ती पाणी बाजूच्या बाटलीत ढकलते.

बाटलीत गेलेलं पाणी गाडी थंड झाली की परत यायला हवं. त्यासाठी झाकणाच्या पोटात मधोमध रुपयापेक्षा लहान अशी दुसरी झडप असते. इंजिन थंड होतं, पाणी आकसतं, आत पोकळी होते, ती झडप उघडते आणि बाटलीतलं पाणी ओढून घेते. माझ्या झाकणात ती पांढऱ्या क्षारानं चिकटून गेली होती. काकांनी नखानं ओढली तर खडूसारखा चुरा पडला. म्हणून बाटली काठोकाठ आणि रेडिएटर रिकामा. आणि हो, सकाळी गाडी थंड असताना वरची होज चपटी झालेली दिसायची. मला वाटायचं होज जुनी झाली. ती आतल्या पोकळीनं ओढली गेलेली होती. झाकण तपासायची ही फुकटची पद्धत: रात्रभर उभ्या गाडीचं बॉनेट सकाळी उघडा आणि होजकडे बघा.

क्षार कुठून आला? माझ्याच हातून. पाणी कमी दिसलं की मी सोसायटीच्या बोअरचं पाणी ओतत होतो. याच पाण्यानं आमच्या कूलरच्या जाळ्यांवर मेअखेर पांढरे पापुद्रे धरतात, ते दिसत असून रेडिएटरमध्ये काय होत असेल हे डोक्यात आलं नाही. जड पाणी तापलं की त्यातला विरघळलेला चुना दगड होऊन बसतो, आणि सगळ्यात गरम जागी आधी बसतो, म्हणजे हेडच्या आत, जिथे तो अजिबात नको. थर पातळ असला तरी उष्णता अडवतो. वाटेत अडलात आणि पर्याय नसेल तर नळाचं, बाटलीचं, कोणतंही स्वच्छ पाणी ओता, कोरडं इंजिन चालवण्यापेक्षा ते बरं. पण घरी पोचल्यावर ते काढून डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट भरा.

कूलंटबद्दल दोन उलटसुलट समज आहेत. एक, आपल्याकडे बर्फ पडत नाही, मग कूलंट कशाला? ते गंज रोखतं, पंपाचं सील सांभाळतं आणि उकळबिंदू वाढवतं, म्हणून. दुसरा, घट्ट टाकलं तर जास्त थंड. हे साफ चूक. कूलंटमधलं ग्लायकॉल पाण्यापेक्षा कमी उष्णता वाहून नेतं, तेव्हा नुसतं घट्ट कूलंट भरलेली गाडी जास्त तापेल. गाडीच्या पुस्तिकेत दिलेलं प्रमाण पाळा आणि रेडीमिक्स, म्हणजे आधीच पाणी मिसळलेलं, असेल तर त्यात पाणी घालू नका. हिरवं, लाल एकत्र करू नका. रंग सारखा म्हणजे माल सारखा, असंही धरू नका. जुनं काढलेलं कूलंट अंगणात ओतू नका. ते गोडसर लागतं, कुत्री चाटतात आणि मरतात.

भरल्यानंतर हवा काढणं राहून जातं, आणि मग "नवीन कूलंट टाकलं तरी तापते" अशी तक्रार येते. गाडीचं नाक उतारावर वर करा, झाकण उघडं ठेवून थंड इंजिन सुरू करा, हीटर पूर्ण गरमवर ठेवा, फॅन एकदा चालू होऊन बंद होईपर्यंत थांबा, पातळी खाली जाईल तसं भरत राहा. बुडबुडे थांबले की झाकण लावा.

थर्मोस्टॅट काढण्याची खोड

"आपल्याकडे गरमी हाय, थर्मोस्टॅट पायजेच कशाले" असं सांगून तो काढून टाकायची पद्धत अर्ध्या नागपुरात आहे. माझं मत स्पष्ट आहे: काढू देऊ नका. बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना आतला छोटा वळसारस्ता बंद करतो. तो काढला की काही पाणी रेडिएटरला न जाताच गोल फिरत राहतं, म्हणजे ज्या उन्हाळ्यासाठी काढला त्यातच गाडी जास्त तापू शकते. आणि डिसेंबरच्या सकाळी इंजिन गरमच होत नाही, ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, त्याला थंड समजून पेट्रोल जास्त सोडत राहतो, ऑइलमध्ये पेट्रोल मिसळतं, अ‍ॅव्हरेज पडतं. माझ्या गाडीचं अ‍ॅव्हरेज थंडीत का पडलं होतं ते मला तेव्हा कळलं. तपासायचाच असेल तर पातेल्यात पाणी घेऊन दोरीनं टांगा, उकळू द्या, उघडतो का बघा. दहा मिनिटांचं काम.

रस्त्यात काटा चढला तर

लाल पट्टीच्या खाली असेल तर एसी बंद, काचा खाली, हीटर पूर्ण गरमवर, ब्लोअर फुल. हीटर म्हणजे डॅशबोर्डमागचा छोटा रेडिएटरच, तो उष्णता तुमच्या अंगावर टाकतो. नवतपाच्या दुपारी व्हेरायटी चौकात मी हे केलंय. बाजूच्या ऑटोवाल्यानं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ते विसरणार नाही, पण काटा उतरला. पंप पट्ट्यावर चालत असेल तर न्यूट्रलमध्ये थोडा रेस दिल्यानंही पाणी जोरात फिरतं. लाल लागला किंवा वाफ दिसली, तर हे काही करत बसू नका, बाजूला घ्या आणि बंद करा.

झाकण उघडू नका. निदान अर्धा-पाऊण तास नाहीच. आतलं पाणी शंभरच्या वर आहे आणि फक्त दाबामुळे पाणी म्हणून टिकलंय. झाकण फिरवलं की त्यातलं काही क्षणात वाफ होऊन बाकीचं तोंडावर घेऊन येतं. तापलेल्या इंजिनावर बाहेरून गार पाणी मारणंही नको, धातू तडकतो.

काट्यावर आंधळा विश्वासही नको. त्याचा सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तरच खरं बोलतो. पातळी त्याच्या खाली गेली, की तो वाफेत लटकतो आणि काटा अचानक खाली येऊ शकतो, इंजिन आत भाजत असताना. चढलेला काटा विनाकारण झपकन उतरला तर आनंद मानू नका, थांबा. उलटही होतं. ३० मे २०२४ ला नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्रानं ५६ अंश दाखवले आणि देशभर बातमी झाली; नंतर हवामान खात्यानं सेन्सर बिघडल्याचं सांगितलं. गाडीतही आकडा अविश्वसनीय वाटला तर आधी सेन्सर आणि त्याचा जॅक बघा.

माझा एकूण खर्च: नवीन झाकण दोनशेच्या आत, थर्मोस्टॅट परत बसवला तो, डिस्टिल्ड पाण्यानं तीनदा धुणं आणि कूलंट. वायरी बदलण्याचे काकांनी पैसे घेतले नाहीत, चहा घेतला. हेड अजून उघडलेलं नाही.

या मे महिन्यात, चव्वेचाळीसच्या दुपारी, रहाटे कॉलनी चौकात तीन सिग्नल थांबलो. काटा मधोमध, एसी गार. फेब्रुवारीपासून बाटलीतली पातळी मात्र बोटभर उतरली आहे. बाटलीवर स्केचपेननं तारीख टाकून रेघ मारून ठेवलीये. पुढच्या महिन्यात ती आणखी उतरली, तर पंपाचं सील बघायला घेणार आहे.